तो लाल दिवा बॅटरीचा नव्हे, चार्जिंगचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यावी यावर जो मजकूर आला, त्यातील टायर, वायपर आणि ब्रेक यांविषयीच्या सूचना उपयुक्त आहेत. मात्र ‘डॅशबोर्डवर बॅटरीच्या चिन्हाचा लाल दिवा लागल्यास बॅटरी संपत आली आहे असे समजून ती बदलून घ्यावी’ हे त्यातील एक वाक्य चुकीचे आहे. चूक नुसती शब्दांची असती, तर मी पत्र लिहिण्याच्या फंदात पडलो नसतो. पण याच समजुतीपायी गेल्या जुलैत माझा पुतण्या भर पावसात कुंभार्ली घाटात अडकून पडला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्पनिदेशक म्हणून २७ वर्षे मोटार मेकॅनिकचा व्यवसाय मी शिकवला आहे. त्या काळात दर वर्षी नव्या तुकडीच्या डोक्यातून पहिल्याच आठवड्यात जी समजूत काढावी लागे, ती नेमकी हीच होती.

त्या दिव्यावर चित्र बॅटरीचे आहे, एक अधिक आणि एक उणे अशी दोन टोके असलेले, आणि सगळा घोळ त्या चित्रानेच केला आहे. दिवा बॅटरीची प्रकृती सांगतच नाही. गाडी चालू असताना बॅटरीला वीज मिळते आहे की नाही, म्हणजेच चार्जिंग होते आहे की नाही, एवढेच तो सांगतो. वीज देणारे यंत्र बॅटरी नसून अल्टरनेटर आहे. गॅरेजात त्याला आजही सर्रास डायनॅमो म्हणतात. खरा डायनॅमो मोटारींतून जाऊन कित्येक दशके झाली, तरी शब्द काही जात नाही, आणि गिऱ्हाईक व मिस्त्री या दोघांना अर्थ कळत असल्याने माझा त्याला आक्षेपही नाही. बॅटरीचे मुख्य काम सेल्फ मारण्याचे. इंजिन एकदा सुरू झाले, की हेडलाइट, वायपर, पंखा, पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि इग्निशन या सगळ्यांचा भार अल्टरनेटर उचलतो आणि सेल्फपायी खर्च झालेली वीज बॅटरीत परत भरतो. तांबडा दिवा लागला, याचा अर्थ ही भरपाई थांबली आणि गाडी साठवणीवर चालू लागली.

दिव्याची जोडणी मोठी सुरेख आहे आणि ती समजली, की पुढचे बरेचसे आपोआप कळते. जुन्या पद्धतीच्या मंडलात (सर्किटात) दिव्याचे एक टोक किल्लीच्या स्विचमधून बॅटरीला आणि दुसरे अल्टरनेटरला जोडलेले असते. किल्ली फिरवली पण इंजिन अजून सुरू केले नाही, अशा वेळी अल्टरनेटर मृतवत असतो. बॅटरीकडून निघालेला प्रवाह दिव्यातून जाऊन अल्टरनेटरच्या रोटरमधून, म्हणजे आतल्या फिरत्या भागातून, अर्थला पोहोचतो आणि दिवा पेटतो. हाच चिमूटभर प्रवाह रोटरमध्ये चुंबकत्व जागे करतो. इंजिन सुरू होऊन रोटर फिरू लागला, की अल्टरनेटरच्या बाजूचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, बॅटरीच्या बाजूइतका चढतो. रस्सीखेचीत दोन्ही संघ सारख्याच जोराने ओढू लागले तर दोर जागचा हलत नाही, तसा दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब आल्यावर त्यातून प्रवाह वाहत नाही आणि दिवा विझतो. म्हणजे हे विझणे कुणी बटण दाबून घडवलेले नाही. अल्टरनेटर कामाला लागल्याची ती पावती आहे. नव्या गाड्यांत दिव्याच्या जागी एलईडी आले आणि हुकूम संगणकाकडून येऊ लागला, पण दिव्याचा अर्थ तोच राहिला.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते, जी फार थोड्यांना ठाऊक असते. किल्ली ‘ऑन’ला नेल्यावर हा दिवा लागलाच पाहिजे. तो लागला नाही तर खूश होऊ नये, कारण दिवाच उडालेला असू शकतो, आणि जुन्या मंडलात दिवा उडाला की रोटरला तो सुरुवातीचा प्रवाह मिळत नाही व अल्टरनेटर चार्जिंग सुरूच करत नाही. दीड-दोन रुपयांचा बल्ब उडाल्याने बॅटरी उतरलेल्या गाड्या आमच्या कार्यशाळेत अनेकदा आल्या. हल्ली बटण दाबून गाडी सुरू करण्याची सोय झाल्यापासून ते दोन-तीन सेकंद डॅशबोर्ड पाहण्याची सवयच मोडली आहे. ब्रेकवर पाय न ठेवता बटण दोनदा दाबल्यास बहुतेक गाड्यांत इंजिन सुरू न होता सगळे दिवे लागतात. तेव्हा कोणता लागत नाही ते आठवड्यातून एकदा तरी पाहावे.

आता पुतण्याची हकिगत. त्याची छोटी पेट्रोल गाडी १ लाख २० हजार किलोमीटर चाललेली. जुलैच्या सुरुवातीला एका सकाळी सेल्फ नुसताच कट-कट करू लागला, तेव्हा त्याने ती एका वर्कशॉपला दाखवली. तिथे बॅटरी तपासली, ती उतरलेली आढळली आणि नवी बसवून दिली. बॅटरी का उतरली, हा प्रश्न कुणी विचारला नाही. इंजिन चालू ठेवून मीटर लावायला एक मिनिट लागते, तेही कुणी लावले नाही. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत खड्ड्यातून गाडी गेली, की लाल दिवा क्षणभर लुकलुकत असे. बॅटरी नवीकोरी असल्याने त्याने ते मनावर घेतले नाही.

मग एका संध्याकाळी तो चिपळूणहून कराडला निघाला. पोफळीच्या आसपास दिवा लागला तो विझेना. ‘नवीन बॅटरी आहे, हिला काय होतंय,’ असे म्हणून तो घाट चढू लागला. पाऊस, धुके, हेडलाइट, वायपर, काचेवरची वाफ घालवायला एसी आणि पंखा, हे सगळे चालू. आधी स्टीअरिंगचे चिन्ह लागले आणि वळणावर चाक एकदम जड झाले. मग एबीएसचा पिवळा दिवा लागला. वायपर काचेवरून दमलेल्या माणसासारखा वर चढू लागला. हेडलाइट पिवळट झाले, इंजिनाने दोन-तीन आचके दिले आणि एका वळणाच्या तोंडाशी गाडी बंद पडली. धोक्याचे इंडिकेटर लावावेत, तर त्यांनाही वीज नाही. मागून आलेल्या ट्रकच्या क्लीनरने चाकामागे दगड लावला आणि वळणाच्या अलीकडे झाडाच्या फांद्या टाकल्या, म्हणून निभावले. त्याच ट्रकमधून हेळवाकला पोहोचून रेंज मिळाल्यावर त्याने मला फोन केला. ‘काका, नवी बॅटरी पण गेली हो,’ हे त्याचे पहिले वाक्य. ज्या डोंगराच्या पोटात पोफळीचे वीजगृह आहे आणि ज्या कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे, त्याच डोंगरावर विजेअभावी गाडी उभी होती, हे सुचायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला. त्या रात्री विनोद सुचण्यासारखी परिस्थिती नव्हती. तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच आहे. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिले त्याप्रमाणे तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरला, की वीज निर्माण होते. तिथे तो पाण्याने फिरतो, इथे बेल्टने.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मल्टिमीटर घेऊन गेलो. इंजिन बंद असताना बॅटरीवर ११.६ व्होल्ट होते. भरलेली बॅटरी १२.६ दाखवते आणि १२ च्या खाली गेलेली जवळजवळ रिकामी समजावी. दुसऱ्या गाडीवरून केबल लावून इंजिन सुरू केले, केबल काढली आणि पुन्हा पाहिले, तर १२.१ आणि आकडा हळूहळू खाली. चार्जिंग नीट असते तर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान काहीतरी दिसायला हवे होते. बेल्ट घट्ट होता, वायरी जागेवर होत्या. मग पान्याच्या मुठीने अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला दोनदा हलकेच ठोकले आणि मीटर एका उडीत १४.१ वर गेला, डॅशबोर्डवरचा दिवा विझला. पाच मिनिटांनी तो पुन्हा लागला. यावरून दोष कळला: रोटरला प्रवाह पोहोचवणारे दोन कार्बन झिजून आखूड झाले होते आणि रिंगेला टेकत नव्हते, ठोकल्यावर तात्पुरते टेकत. खड्ड्यात दिवा लुकलुकण्याचे कारणही तेच. कार्बन काही शे रुपयांत बदलून झाले. कदाचित जुनी बॅटरीही मुळात खराब नसेल, उपाशी असेल. पण ती बदलीत गेल्यामुळे तपासायची सोय राहिली नाही.

दिवा कसा लागतो यावरूनही बराच अंदाज येतो. नव्या तुकडीला मी आधी नुसते बघायला सांगत असे, पान्याला हात नंतर. हेडलाइट आणि पंखा लावताच दिवा लागत असेल आणि बॉनेटमधून कुईं असा आवाज येत असेल, तर बेल्ट सैल झालेला असतो. पावसाळी सकाळी हे हमखास होते. रात्री अंधारातच दिसेल इतका मंद दिवा सतत जळत असेल, तर आतला एखादा डायोड गेल्याची शंका घ्यावी. अल्टरनेटर मुळात उलटसुलट प्रवाह तयार करतो आणि डायोड तो बॅटरीला चालेल असा एकाच दिशेचा करतात. त्यातला एखादा फुटला, की चार्जिंग कमी होते आणि कधी कधी गाडी उभी असतानाही बॅटरी त्यातून रात्रभर झिरपत राहते. चालत्या गाडीत ऑइलचा आणि बॅटरीचा असे दोन्ही लाल दिवे एकदम लागले, तर बहुधा दोन्ही यंत्रणा बिघडलेल्या नसतात, इंजिनच बंद पडलेले असते. शिकाऊ चालक हे सिग्नलवर रोज अनुभवतात.

सगळ्यात धोकादायक जोडी बॅटरीच्या दिव्याची आणि तापमानाच्या लाल दिव्याची. कित्येक गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच बेल्टवर फिरतात. तो बेल्ट तुटला, की पहिली वर्दी बॅटरीचा दिवा देतो, कारण वीज तत्काळ थांबते आणि पाणी तापायला थोडा वेळ लागतो. अनेक छोट्या गाड्यांत आता तापमानाचा काटाच दिलेला नसतो, थंड इंजिनाला निळा आणि तापलेल्याला लाल असा एकच दिवा असतो. हा लाल दिवाही लागला, तर एक किलोमीटरसुद्धा पुढे जाऊ नये, गाडी जागीच बंद करावी. नाही तर बेल्टच्या किमतीत सुटणारे प्रकरण सिलिंडर हेडपर्यंत जाते.

तापमान ठीक असेल आणि फक्त बॅटरीचा दिवा लागला असेल, तर मात्र घाबरून वाटेत इंजिन बंद करू नये. सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात, आणि तेवढे पुन्हा मिळतील याची खात्री नसते. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची धरू. ५५ वॉटचे दोन हेडलाइट ९ अँपिअर घेतात, काचेपुढचा पंखा मोठ्या वेगावर दहाहून अधिक, वायपर चार-पाच आणि इंजिनाचा स्वतःचा पंप, इंजेक्टर, संगणक मिळून दहाच्या आसपास. शिवाय विजेवरचे स्टीअरिंग घाटातल्या प्रत्येक वळणावर मोठा घास घेते, तो वेगळाच. म्हणजे रात्री पावसात ३५ अँपिअरच्या घरात खर्च. भागाकार केला तर तास येतो, पण दाब उतरत गेल्याने प्रत्यक्षात त्याच्या निम्मासुद्धा मिळेल याचा भरवसा नाही. तेच स्वच्छ उजेडात एसी, पंखा, टेप, मोबाइलचे चार्जर सगळे बंद केले, तर जवळच्या गावातले गॅरेज गाठण्याइतका अवधी सहसा मिळतो. पुतण्याने पोफळीलाच गाडी बाजूला लावली असती, तर त्याचा फार तर एक मुक्काम वाढला असता.

हल्लीच्या गाड्यांत आणखी एक पंचाईत झाली आहे. दाब उतरला, की संगणकांचा तोल जातो, आणि एबीएस, एअरबॅग, स्टीअरिंग, इंजिन असे चार-पाच दिवे दिवाळीच्या माळेसारखे लागतात. मग स्कॅनर लावला जातो, त्यावर दहा कोड निघतात आणि एकेका कोडमागे एकेक सेन्सर बदलण्याचे अंदाजपत्रक हाती पडते. त्या यादीत दाब कमी असल्याचा पी०५६२ हा कोड असेल, तर बाकीच्यांकडे आधी पाहूच नये. चार्जिंग आणि बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा-हिरवा मळ तपासावा, कोड पुसावेत आणि कोणते परत येतात ते पाहावे. मी पाहिलेल्या अशा गाड्यांत निम्म्याहून अधिक कोड परत आले नाहीत.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण आपल्या पुरवणीतील वाक्याने ती दिशाभूल पुरी होते. बॅटरी खरोखरच म्हातारी झाली असेल, तर हा दिवा बहुतेक वेळा लागतच नाही. अल्टरनेटर ठणठणीत, दिवा विझलेला आणि सकाळी सेल्फ मात्र घरघर करत रडतो, ही बॅटरीच्या अखेरीची खूण. सेल्फ मारताना मीटर ९.६ व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर बॅटरी दुकानात नेऊन लोड टेस्ट करावी. दाब प्रमाणाबाहेर गेला तरी जुन्या गाड्यांत दिवा गप्प राहतो. दाब आवाक्यात ठेवणारा रेग्युलेटर बिघडून १५ च्या वर व्होल्ट जाऊ लागले, की बॅटरी उकळते, कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो आणि बल्ब पटापट उडतात. जुन्या जीपमध्ये अँपिअरचा काटा असे, चार्ज उजवीकडे आणि डिस्चार्ज डावीकडे. तो काटा या दिव्यापेक्षा कितीतरी बोलका होता, आणि मीटरच्या पट्टीत ढीगभर चित्रे दाखवणाऱ्या आजच्या कंपन्यांनी व्होल्टचा साधा आकडा का दाखवू नये, हे मला कळलेले नाही.

वरच्या आकड्यांना एक अपवाद आहे. इंधन वाचवण्यासाठी काही नव्या गाड्यांत संगणकच अल्टरनेटरला वेळोवेळी विश्रांती देतो, त्यामुळे चालत्या गाडीत १२.६ किंवा १२.८ दिसले तरी तो दोष असेलच असे नाही. अशा गाडीत हेडलाइट लावून, थोडी चालवून पुन्हा मोजावे. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्यांना बॅटरीही निराळ्या जातीची लागते. स्वस्तात साधी बसवली, तर ती लवकर मान टाकते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ३१ व्या नियमानुसार वाहनचालन शाळांसाठी जो अभ्यासक्रम ठरवला आहे, त्यात वाहनाची यंत्रणा व दुरुस्ती हाही भाग आहे. प्रत्यक्षात आठ आकडा आणि उलटी गाडी एवढ्यावर शिकवणी आटोपते. रस्त्यावरच्या चिन्हांची परीक्षा शिकाऊ परवान्यापूर्वी होते, डॅशबोर्डवरच्या चिन्हांविषयी मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. वास्तविक ही चिन्हेही आयएसओ २५७५ या मानकाने जगभर सारखी केलेली आहेत आणि त्यांच्या रंगांना अर्थ आहे. ते शिकवायला फार तर अर्धा तास लागेल, आणि गाडी जागची हलवावीही लागणार नाही.

वाहनचालन शाळांचे जेव्हा व्हायचे तेव्हा होवो. आपल्या हातात आहे ते आपण करावे, ही विनंती. पाऊस अजून दोन-अडीच महिने आहे. पुढच्या रविवारी त्याच पानावर चौकटीत ‘हा दिवा लागल्यास बॅटरी बदलू नये, आधी चार्जिंग तपासून घ्यावे’ एवढी दुरुस्ती छापावी.

आपला,
एक नियमित वाचक, कराड

ता. क. – हे पत्र वाचून पुतण्याने विचारले, की विजेच्या गाडीत अल्टरनेटर नसतो, मग तिथे हा दिवा कशाला? तिथेही दिवे, वायपर आणि संगणक यांच्यासाठी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि मोठ्या बॅटरीतून तिला वीज पुरवणारा कन्व्हर्टर असतो. तो थांबला की तोच लाल दिवा लागतो, आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी बंद पडू शकते.